घाट आणि बारव : मुक्तिबोध, वेगड आणि शिष्यत्वाचा प्रश्न

१

जबलपूरच्या दक्षिणेस नर्मदेच्या उत्तर तीरावर ग्वारीघाट आहे. स्नानासाठी आलेली कुटुंबे, नावाडी, सायंकाळच्या आरतीला जमणारे लोक आणि अधूनमधून दिसणारे परिक्रमावासी यांची येथे सतत ये-जा असते. परिक्रमावासी नदी उजव्या हाताला ठेवून चालतो, तिचे पात्र ओलांडत नाही आणि वाटेवरच्या गावांनी दिलेल्या सदावर्तावर निर्वाह करतो. त्याचे चालणे त्याचे स्वतःचे असते. तरी ते इतरांनी दिलेल्या शिध्यावर चालते.

या शहराशी संबंध आलेले दोन लेखक प्रस्तुत निबंधात एकत्र वाचावयाचे आहेत. गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) मराठी घरात वाढले आणि हिंदीत लिहू लागले. अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) जबलपूरचेच; त्यांची मातृभाषा गुजराती, आणि त्यांनी हिंदी व गुजराती अशा दोन्ही भाषांत लेखन केले. दोघांच्याही लेखनात गुरू आणि शिष्य यांच्या नात्याला मध्यवर्ती स्थान आहे. लेखकाने स्वतःशी इमान राखणे, त्याला यश मिळणे आणि त्याने दुसऱ्याला घडवणे या तीन गोष्टींची आपण बहुधा स्वतंत्रपणे चर्चा करतो. या दोघांना शेजारी ठेवून वाचले असता पहिली गोष्ट तिसरीवाचून अपुरी राहते असे दिसते.

२

मुक्तिबोधांची ‘ब्रह्मराक्षस’ ही कविता शहराबाहेरच्या ओसाड बावडीत घडते. मराठीत आपण जिला बारव म्हणतो तशी ही पायऱ्यांची विहीर. तिच्या खोल पाण्यात एका विद्वानाचे भूत राहते. वेदांपासून मार्क्स, रसेल, टॉयन्बी, सार्त्र यांच्यापर्यंत सारे त्याला अवगत आहे. अंगावरचा मळ जावा म्हणून ते अहोरात्र शरीर घाशीत असते, पण मळ जात नाही. सूर्याचा किरण चुकून आत पडला तरी त्याला वाटते, सूर्याने आपल्याला वंदन केले. पूर्णत्वाच्या हव्यासात ते अंतर्मनाच्या पायऱ्यांवर चढते, घसरते, जखमी होते.

या कवितेचे रूढ वाचन असे, की ही समाजापासून तुटलेल्या मध्यमवर्गीय बुद्धिवंताची शोकांतिका आहे. ते चुकीचे नाही. मात्र त्यात एक तपशील नजरेआड होतो. हा विद्वान हयातीत पंडितांच्या आणि चिंतकांच्या दारी भटकतो तो गुरू मिळावा म्हणून. तेवढ्यात युग बदलते, कीर्तीचा व्यापार करणारे येतात आणि आतल्या व बाहेरच्या अशा दोन जात्यांत तो भरडला जातो. या साऱ्या धडपडीत आपले ज्ञान कोणाला द्यावे हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही. त्याची नजर सतत वरच्या पायरीकडे आहे. खालच्या पायरीवर कोणी उभे आहे काय, हे त्याने पाहिलेले नाही. शिष्य होण्याची इच्छा शेवटी व्यक्त करतो तो कवितेचा निवेदक, आणि तीही विद्वानाच्या मृत्यूनंतर.

मुक्तिबोधांच्या ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’ या कथेत हीच उणीव दोषाच्या रूपाने उघड होते. ज्ञानासाठी काशीला आलेला तरुण एका भव्य, निर्जन वाड्यात बारा वर्षे अध्ययन करतो. निरोपाच्या भोजनाच्या वेळी गुरूचा हात लांबत जाऊन आतले तूप घेऊन येतो, तेव्हा गुरू कोण आहे हे शिष्याला कळते. आपली विद्या योग्य माणसाला न दिल्यामुळे तो या योनीत अडकला होता. आता तो सुटला. पण सुटताना तो तेच दायित्व शिष्यावर ठेवतो. शिष्यानेही ती विद्या पुढे दिली नाही, तर त्याचीही गत तीच होणार. कविता आणि कथा एकत्र ठेवल्यास मुक्तिबोधांचा विचार स्पष्ट होतो. ज्ञानाशी निष्ठा हा गुण खराच, पण तो एकट्याने सांभाळला तर त्याची बारव होते.

३

मुक्तिबोधांचे आयुष्य या प्रतिमेला जोडून वाचण्याचा मोह आवरावा लागतो, तरी काही गोष्टी नोंदवणे आवश्यक आहे. नोकऱ्यांच्या शोधात ते जबलपूर, नागपूर असे फिरले. १९५८पासून ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापक होते. १९६२मध्ये त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह १९६४मध्ये निघाला. तो पाहण्यास ते राहिले नाहीत. यशाची व्यावहारिक मापे लावल्यास ही अपयशाची यादी होईल. परंतु याच काळात जबलपूरहून हरिशंकर परसाई ‘वसुधा’ चालवीत होते आणि मुक्तिबोधांचे ‘एक साहित्यिक की डायरी’मधील लेखन त्यांनी तेथे छापले. वयाने सात वर्षांनी लहान असलेल्या संपादकाने ज्येष्ठ कवीकडून लेखन करवून घेणे, ही बारवेतून बाहेर येण्याची एक वाट होती. मार्गदर्शन नेहमी वरून खालीच वाहते असे नाही.

४

वेगडांचे उदाहरण वरकरणी याच्या उलट आहे. १९४८ ते १९५३ या काळात ते शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांचे विद्यार्थी होते. पुढे जबलपुरात त्यांनी चित्रकलेचे अध्यापन केले. यशस्वी होण्यापेक्षा आयुष्य सार्थ कर, अशा आशयाचा उपदेश गुरूंनी निरोप देताना केल्याची आठवण ते सांगत असत. असे उपदेश पुष्कळांना मिळतात आणि ते बहुधा भिंतीवर टांगले जातात. वेगडांनी त्याचे काय केले हे पाहणे म्हणून उद्बोधक ठरते. त्यांनी गुरूची शैली गिरवली नाही. मासिकांच्या रंगीत कागदांचे कपटे चिकटवून चित्रे करण्याचे माध्यम त्यांनी आपलेसे केले. १९७७मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी नर्मदेकाठी पायी चालण्यास आरंभ केला आणि चित्रकाराच्या नजरेने गद्य लिहिले. ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’ या गुजराती पुस्तकास २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. यश आले, पण चालणे सुरू झाल्यावर सत्तावीस वर्षांनी.

मराठी वाचकाला येथे गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आठवेल. तेथील पथिक एकटा, आत्मशोधात निघालेला आहे. वेगड एकटे चालत नाहीत. त्यांच्यासोबत सहप्रवासी असतात, पुढे पत्नी कांताही असतात आणि वाटेवरची माणसे त्यांच्या गद्यात जागा मागतात.

एक आक्षेप मात्र टाळता येणार नाही. नोकरीचे स्थैर्य लाभलेल्या माणसाला सार्थकतेची भाषा परवडते. मुक्तिबोधांसमोर संसार आणि अनिश्चित नोकऱ्या होत्या. तेव्हा वेगडांच्या आयुष्याचा आदर्श करून तो तरुण संशोधकापुढे ठेवणे हा एक प्रकारचा अन्याय होईल. मला स्वतःला याची जाणीव आहे. मार्गदर्शक म्हणून मी एकाहून अधिक विद्यार्थ्यांना मनाजोगता विषय सोडून मान्यता लवकर मिळेल असा विषय घेण्याचा सल्ला दिला आहे. त्यांच्या हिताचाच तो विचार होता. त्यांचे प्रबंध पूर्ण झाले, नोकऱ्याही लागल्या. त्यांपैकी एकाही प्रबंधाकडे त्याच्या लेखकाला पुन्हा वळावेसे वाटलेले नाही, हेही मला ठाऊक आहे. विषय बदलताना मी त्यांना माझी सावधगिरी दिली, विद्या दिली नाही.

५

गजानन मुक्तिबोधांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत कवी, कादंबरीकार आणि समीक्षक म्हणून उभे राहिले. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती आणि त्या प्रांतात हिंदी व मराठी शेजारी नांदत होत्या. एका घरातून दोन भाषांत गेलेले हे दोघे आपल्या वाङ्मयेतिहासांत मात्र क्वचितच एकत्र भेटतात. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथास १९७९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शरच्चंद्रांनी पुरस्कारिलेली ‘मानुषता’ ही संकल्पना येथे उपयोगी पडते. साहित्याचे मूल्य माणसाच्या माणूसपणापासून वेगळे काढता येत नसेल, तर लेखकाच्या स्वत्वालाही तीच कसोटी लावावी लागेल. ब्रह्मराक्षसाचे ज्ञान अस्सल आहे, त्याची तळमळही अस्सल आहे. दुसऱ्या माणसाला तेथे जागा नाही, एवढीच त्याची त्रुटी, आणि तीच त्याला पाण्यात अडकवून ठेवते. थोरल्या भावाने प्रतिमेतून जे मांडले ते धाकट्याच्या सिद्धांताच्या प्रकाशात अधिक नेमके वाचता येते. हिंदी आणि मराठी विभागांनी हे वाचन एकत्र करावयास हवे.

ग्वारीघाटाच्या पायऱ्या आणि बावडीच्या पायऱ्या दोन्ही पाण्याकडेच उतरतात. घाटावर खाली गेलेला माणूस कमंडलू भरून वर येतो आणि पुढच्या गावाची वाट धरतो. आपल्या हाताखाली प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण कोणत्या पायऱ्या दाखवतो आहोत, हे प्रत्येक मार्गदर्शकाने एकदा तपासून पाहावे.