'सर्व्हर उत्तर देत नाही' : एका विधानाची चिकित्सा

नेटवर्कवरील सामायिक फाइल-सर्व्हर कामाच्या भाराने मंदावला म्हणजे लिनक्स संगणकाच्या नोंदींत एक वाक्य उमटते : 'सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग.' सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या एनएफएस या पद्धतीच्या वापरकर्त्यांत हे वाक्य इतके रुळले आहे की, त्याचा अर्थ तपासून पाहण्याचे सहसा कोणास सुचत नाही.

वाक्याचा कर्ता सर्व्हर. परंतु ते उच्चारणारा आहे ग्राहक-संगणक. त्यास प्रत्यक्ष ज्ञात असते ते एवढेच, की ठराविक अवधीत उत्तर हाती आले नाही. टीसीपीवर हा अवधी सामान्यतः ६० सेकंदांचा असतो. मागणी वाटेत गहाळ झाली असेल, उत्तर परतताना हरवले असेल, मागणी सर्व्हरच्या रांगेत तिष्ठत असेल, किंवा डिस्कवरील लेखन अपुरे असेल. या चारही अवस्थांना एकच क्रियापद पुरविले आहे. 'न मिळणे' याचे 'न देणे' झाले, आणि त्याच क्षणी इतर शेकडो मागण्या पुरविणारा सर्व्हर मुका ठरला. परिणामी व्यवस्थापक तो बंद करून पुन्हा चालू करतो. 'हार्ड' जोडणीतले ग्राहक मात्र माघार घेत नाहीत. त्यांच्या तुंबलेल्या मागण्या पुन्हा दारात उभ्या राहतात.

वाक्याचा उत्तरार्ध निरुपद्रवी भासतो. वस्तुतः रोगाचा काही अंश तेथेच आहे. यूडीपीवर ८ किलोबाइटांच्या लेखनाचे सामान्य इथरनेटवर सहा तुकडे होतात. एक हरवला तरी सारी मागणी पुन्हा पाठवावी लागते. शिवाय सर्व्हर नुसता मंद असेल, तर तेच काम त्याच्यापुढे दुसऱ्यांदा येते. फाइल पुसली गेली पण उत्तर हरवले, तर पुनरुक्त मागणीस 'अशी फाइल नाही' हे उत्तर मिळावे, हा तर विपर्यासच. चेट जुश्चाक यांनी १९८९ च्या निबंधात यावर उपाय विवेचिला : सर्व्हरने अलीकडील मागण्या स्मरणात ठेवाव्यात व द्विरुक्ती ओळखावी.

याच्या तुलनेत 'एनएफएसआयओस्टॅट' या साधनाची भाषा अधिक प्रामाणिक वाटते. मागणी पाठविल्यापासून उत्तर येईपर्यंतचा काळ आणि मागणी निर्माण झाल्यापासून ती पुरी होईपर्यंतचा काळ, असे दोन आकडे ते वेगळे देते. पहिला अल्प व दुसरा मोठा असेल, तर रांग ग्राहकाच्याच घरी लागलेली असते! पहिलाच वाढला असेल तरच नेटवर्क, सर्व्हर व त्याची डिस्क यांची चौकशी सयुक्तिक होय. तेथेही सेवक-धाग्यांची संख्या (लिनक्सवर ती दीर्घकाळ मुळात आठ असे) वाढविण्याची घाई होते. अडचण डिस्कची असेल, तर त्यायोगे डिस्कपुढील गर्दी तेवढी वाढते. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीने डिस्कवर पोहोचण्यापूर्वीच लेखनाची पोच देण्यास मुभा दिली खरी. पण पुढे 'कमिट' मागितले की प्रतीक्षा आलीच.

उत्तर मिळाले की नोंदींत 'सर्व्हर ओके' असे दुसरे वाक्य येते. तेही ग्राहकाचेच आणि तितकेच उतावळे. कारण आलेले असते एकच उत्तर. ग्राहकास किती काळ खोळंबावे लागले, हे या दोहोंपैकी एकही वाक्य सांगत नाही; ते समासातील दोन वेळांच्या वजाबाकीवरून काढावे लागते.