ऋण मानणारे सूर

पूर्वसूरींचे संगीत पुन्हा वाजवणारा कलावंत वारस ठरतो की केवळ नकलाकार? ‘रूमफुल ऑफ ब्लूज’ या अमेरिकन वाद्यवृंदाची ‘४५ लाइव्ह’ ही ध्वनिमुद्रिका ऐकताना हा प्रश्न टाळता येत नाही. ऱ्होड आयलंड राज्यातील वेस्टर्ली या गावी १९६७ साली गिटारवादक ड्यूक रोबिलार्ड आणि पियानोवादक अल कॉप्ली यांनी हा वृंद उभा केला. पंचेचाळीस वर्षांच्या वाटचालीनिमित्त त्याच राज्यातील मटुनक येथे, ‘ओशन मिस्ट’ या समुद्रकाठच्या मद्यगृहात, मार्च २०१३ मध्ये तीन रात्री मैफली झाल्या. त्यांतूनच ही ध्वनिमुद्रिका सिद्ध झाली.

या संगीतप्रकाराला ‘जम्प ब्लूज’ म्हणतात. ब्लूज हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या सोसण्यातून जन्मलेले गाणे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पंधरा-सोळा वादकांचा ताफा पोसणे अवघड झाले, तेव्हा लुई जॉर्डन यांच्यासारख्या कलावंतांनी मोजक्या साथीदारांनिशी तोच जोश निर्माण केला आणि ब्लूजला नाचरी लय दिली. प्रत्येकी चार मात्रांच्या बारा खंडांचा ठरीव साचा, खाली अखंड पावले टाकणारा बास, आणि गायकाच्या ओळीला सुषिर वाद्यांनी दिलेले उत्तर, अशी त्याची घडण आहे. या सवाल-जवाबाची मुळे आफ्रिकी परंपरेत आणि कृष्णवर्णीयांच्या उपासनागायनात आहेत. मिस्सामध्ये स्तोत्राच्या प्रत्येक कडव्यानंतर पालुपद म्हणणाऱ्या आपल्या भाविकांना या रचनेतील आनंद निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

ट्रंपेट आणि सॅक्सोफोनही आपल्याला परके नाहीत. लग्नसमारंभातून ते आपण ऐकत आलो आहोत. सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटाच्या संगीतात अमेरिकन नृत्यसंगीताचा जो रंग भरला, त्यामागे चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रंपेटवादकाची साथ होती.

प्रस्तुत मुद्रिकेत डग वूल्व्हर्टन यांचा ट्रंपेट वरच्या पट्टीत झळकतो, मार्क अर्ली यांचा बॅरिटोन सॅक्सोफोन तळ सांभाळतो, आणि १९७० पासून वृंदात असलेले रिच लाताय आपल्या सॅक्सोफोनने मधली जागा ऊबदार करतात. तिघांनी एकाच क्षणी श्वास घ्यावा, एकाच क्षणी स्वर तोडावा, ही शिस्त इथे सहजधर्म झाली आहे. एखादा वादक पुढे येऊन आपले मन मोकळे करतो आणि पुन्हा रांगेत मिसळून दुसऱ्याची पाठराखण करतो. ‘स्ट्रेट जॅके’ या रचनेत हे विशेष प्रत्ययास येते. आपल्या गायकवृंदांनी यापासून पुष्कळ शिकावे. सुरेल आवाज जमा केल्याने वृंद घडत नाही. शेजाऱ्याचा स्वर ऐकण्याची तयारी असावी लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. न्यू इंग्लंडमधील गोऱ्या तरुणांनी कृष्णवर्णीयांचे गाणे उचलले, हे खरे. परंतु त्यांनी त्या गाण्याच्या धन्यांना विस्मृतीत लोटले नाही. एडी ‘क्लीनहेड’ व्हिन्सन, बिग जो टर्नर आणि अर्ल किंग हे ज्येष्ठ कलावंत हयात असतानाच त्यांच्या मागे साथीला उभे राहून या वृंदाने अनुक्रमे १९८२, १९८३ आणि १९८६ साली त्यांची ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध केली. टर्नर १९८५ साली निवर्तले. म्हणून येथे ‘क्रॉडॅड होल’ हे टर्नर यांचे गाणे किंवा अर्ल किंग यांच्यासोबत मुद्रित केलेले ‘इट ऑल वेंट डाउन द ड्रेन’ ऐकताना उसनवारीचा भास होत नाही. गुरूसमोर बसून घेतलेली ही विद्या आहे. गायक फिल पेम्बर्टन टर्नर यांच्या भारदस्त आवाजाची नक्कल करीत नाहीत. आपल्या उंच, कोवळ्या आवाजात ते ही गाणी स्वतःची करून घेतात.

मुद्रिका निर्दोष मात्र नाही. उत्साहाचा जोर इतका सलग आहे की ब्लूजच्या तळाशी असलेली वेदना अधूनमधून झाकली जाते. संथ गाण्यांना अधिक अवकाश मिळता, तर आनंदालाही खोली आली असती. मद्य आणि फसलेले प्रेम हे गीतांचे विषय घरातील लहानग्यांसाठी नाहीत, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे. श्रोत्यांच्या टाळ्या आणि आरोळ्या काहींना व्यत्यय वाटतील. पण सवाल-जवाबाच्या या संगीतात श्रोत्यांचा प्रतिसाद हा रचनेचाच भाग आहे.

या वृंदातून गेल्या अनेक दशकांत कितीतरी वादक आले आणि गेले. २०१३ च्या त्या तीन रात्री संस्थापकांपैकी कोणीही वृंदात उरले नव्हते, तरी वृंदाचा सूर ओळखू येतो. नव्याने येणाऱ्याने आधीच्याचे ऐकून घेतले, आणि आधीच्याने नव्याला जागा करून दिली, म्हणून हे घडले. या वृंदाला वारस म्हणण्यास एवढा पुरावा पुरेसा आहे.