यकृतपेशी की यकृतपेशीसदृश?

गोदाकाठी सायखेड्याच्या परिसरात द्राक्षबागांवर होणाऱ्या फवारणीचा अंश मनुष्याच्या शरीरात शिरल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न प्रयोगशाळेत सोडवावयाचा तर मानवी यकृतपेशी हव्यात. क्लोरपायरिफॉससारख्या कीटकनाशकाचे उग्र रूप, ऑक्सॉन, मुख्यतः यकृतातील सायटोक्रोम पी-४५० गटाच्या एंझाइमांमुळेच तयार होते. यकृत हे विषहारक, तसेच प्रसंगी विषकारकही होय.

शस्त्रक्रियेतून मिळणाऱ्या यकृतपेशी दुर्मिळ, आणि काचपात्रात थोड्याच दिवसांत त्यांचे हे सामर्थ्य ओसरते. म्हणून संशोधकांची दृष्टी मूलपेशींकडे वळली, ते योग्यच झाले. थॉमसन यांनी १९९८ मध्ये मानवी भ्रूणापासून मूलपेशी मिळविल्या. यामानाका यांनी २००७ मध्ये प्रौढ मानवी त्वचेच्या पेशींना तेच रूप दिले. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतही किंड-१ व किंड-२ या भ्रूणजन्य मालिका सिद्ध झाल्या.

अशा पेशींपासून 'यकृतपेशी' घडविल्याचे सांगणाऱ्या निबंधांतील पुरावा मात्र बारकाईने पाहावयास हवा. पेशी बहुकोनी दिसतात, अल्ब्युमिन स्रवतात, ग्लायकोजेन साठवितात. एवढ्यावर नामकरण उरकले जाते. पण त्याच पेशी बहुधा आल्फा-फीटोप्रोटीनही स्रवत असतात, आणि ते तर गर्भावस्थेचे लक्षण! प्रौढ यकृतातील सीवायपी-३ए४ या एंझाइमाची क्रिया त्यांच्यात सहसा फारच क्षीण आढळते. पॅरासिटामॉलचे उदाहरण घ्यावे. अधिक मात्रेत ते यकृताचा नाश करते, परंतु स्वतः नव्हे. सायटोक्रोम एंझाइमांनी त्यापासून बनविलेला एक क्षणभंगुर पदार्थ तो नाश करतो. ज्या पेशीत ही एंझाइमेच नाहीत ती पॅरासिटामॉलने मरणार नाही, आणि परीक्षक औषधाला निर्दोष ठरवील. येथे अपक्व पेशी गप्प राहत नाही. ती खोटी साक्ष देते.

या मार्गाचा खरा लाभ निराळाच आहे, आणि त्याची चर्चा त्या मानाने थोडी होते. आयसोनियाझिडचे रूपांतर मंद गतीने करणाऱ्या व्यक्ती आपल्या देशात पुष्कळ आहेत, व क्षयावरील या औषधाने यकृतास इजा होण्याचा धोका त्यांना अधिक. अशा व्यक्तीच्या त्वचेपासून घडविलेल्या पेशीत तिचा तो आनुवंशिक गुण उतरतो. परदेशातून आणलेल्या कर्कपेशींच्या एकाच मालिकेत हे वैविध्य कोठून येणार?

तथापि, प्रत्येक तुकडीची एंझाइमक्रिया ताज्या प्रौढ यकृतपेशींशेजारी मोजून तिचे आकडे निबंधात छापले जाईपर्यंत शीर्षकातील 'सदृश' हा प्रत्यय कोणी गाळू नये.