वेगाचा सोस, वजनाचा दुष्काळ

मेल्विन्स या अमेरिकी हेवी बँडचा ‘टॅरंट्युला हार्ट’ हा अल्बम 2024 साली आला आणि त्यातलं पहिलंच गाणं 19 मिनिटांचं निघालं. डेल क्रोव्हर आणि रॉय मायॉर्गा हे दोन ड्रमर, वर बझ ऑस्बोर्नची गिटार, आणि कुठे पोचायची घाई कुणालाच नाही. चाळिशी ओलांडलेल्या बँडला हे सुचतं; आपल्याकडे मात्र हेवी संगीताची चर्चा अजून ‘किती फास्ट वाजवतो रे!’ यापुढे सरकत नाही.

आपल्याकडचं म्हणजे मुख्यतः मुंबईचं. 2000 मधला डेमॉनिक रिसरेक्शन, 2003 मधला भयानक मौत, 2007 मधला गटस्लिट हे तिथलेच बँड. तयारीत कुणी कमी नाही. डेमॉनिक रिसरेक्शनने ‘दशावतार’मध्ये (2017) दहा अवतारांची दहा गाणी बांधली. कल्पना झकास, पण मत्स्यापासून कल्कीपर्यंत बहुतेक देव शेवटची एसटी पकडायला निघाल्यासारखे धावतात. गटस्लिटची चिरफाड दोन मिनिटांत कळते. दिल्लीच्या ब्लडीवूडचा ‘नू दिल्ली’ (2025) हा तर सरळ निर्यातीचा माल: ढोल वाजला की परदेशी टाळी वाजलीच.

मेल्विन्स 1983 साली उभे राहिले ते मॉन्टेसानोत, वॉशिंग्टन राज्यातल्या लाकूडतोडीच्या पट्ट्यात. ना न्यूयॉर्क, ना लॉस एंजेलिस. आधी तेही भरधाव हार्डकोर पंकच वाजवायचे. मग 1984 मध्ये ब्लॅक फ्लॅग या पंक बँडचा ‘माय वॉर’ अल्बम आला. त्याच्या दुसऱ्या बाजूला सहा-सहा मिनिटांची तीनच गाणी, चिखलातून पाय ओढावा अशा लयीची. पंकवाले वैतागले. ऑस्बोर्नने नेमकी तीच वाट धरली आणि गिटारची सहावी, सगळ्यात जाड तार ई वरून डी वर उतरवली. तार सैल पडते, आवाज पोटातून येतो आणि एकच बोट आडवं ठेवलं की भरभक्कम कॉर्ड मिळते. साउंडगार्डन बँडच्या किम थायिलला ही युक्ती ऑस्बोर्नकडूनच कळली. पुढे सिअ‍ॅटलचा बराचसा आवाज या खर्जावर उभा राहिला. शेजारच्या अ‍ॅबर्डीनच्या कर्ट कोबेनची आणि डेव्ह ग्रोलची गाठ घालून दिली तीही ऑस्बोर्ननेच. जग त्या दोघांच्या निर्वाणा बँडमागे धावलं. मेल्विन्सना अटलांटिक कंपनीने ‘हुडिनी’पासून (1993) तीन अल्बम सांभाळलं आणि नारळ दिला. त्यांचा हेका मात्र सुटला नाही.

त्यांचा 1992 मधला ‘लायसोल’ ऐकावा. नाव एका जंतुनाशकाचं, त्यामुळे मुखपृष्ठावरचं नाव झाकायची वेळ आली, पण संगीत झाकण्यातलं नाही. अर्ध्या तासाचा एकच सलग तुकडा. सुरुवातीची दहा मिनिटं म्हणावे असे शब्दही नाहीत. एक कॉर्ड आदळते, तिचा घुमारा विरत विरत जातो, आता संपलं म्हणावं तर दुसरी येते. दोन आघातांमधल्या त्या पोकळीतच सगळं वजन आहे. सॅन होजेच्या स्लीप बँडने पुढे ‘डोपस्मोकर’मध्ये हाच हट्ट तासाभरावर नेला.

हे मराठी कानाला परकं का वाटावं? अमीर खाँसाहेबांचा झुमरा तालातला अतिविलंबित ख्याल डोळे मिटून ऐकणारा श्रोता आपलाच. सम येईपर्यंत थांबायचं कसं, हे त्याला शिकवावं लागत नाही. तरी गिटार हाती आली की आपल्या पोरांना विलंबिताची लाज वाटते.

‘लोकांना इतकं लांब झेपत नाही’ ही सबब तर आपल्या भंडारा जिल्ह्यात कुणी सांगूच नये. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की इथली गावं झाडीपट्टीचं नाटक रात्रभर बसून बघतात. दंडार, खडी गंमत या लोकनाट्यांनाही घड्याळाचा धाक नसतो. खालच्या सुरांचं म्हणाल, तर मिरवणुकीतल्या डीजेचा बेस इथल्या प्रत्येक छातीने झेललेला आहे. लाकूडतोडीच्या गावातून मेल्विन्स निघतात, तर चिखला-डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींच्या तालुक्यातून काही निघू नये, असा कुठला नियम आहे? नियम नाही, नक्कल आहे. मुंबईने अमेरिकेची करायची आणि विदर्भाने मुंबईची, तीही उसन्या इंग्रजीत, उसन्या राक्षसांवर. इथली झाडीबोली ओढून म्हणता येते, तिच्यात शिवी जड लागते, रडणंही जड लागतं. हेवी बँडला आणखी काय लागतं?

तेव्हा तुमसर, साकोली, पवनीच्या पोरांनो, डबल बेस ड्रमचे व्हिडिओ बघून पाय दुखवून घेणं पुरे. सहावी तार डी वर उतरवा, लय निम्मी करा, घरी बोलता त्या बोलीत गाणं लिहा आणि येत्या मंडईत दंडारीच्या आधी अर्धा तास मागून घ्या.