अनुपस्थितीचें शोकगीत

कलावंतांच्या एखाद्या मंडळीस अफाट लौकिक प्राप्त झाला, म्हणजे त्यानंतरची त्यांची कृति कशी निपजते हें पाहणें मोठें उद्बोधक असतें. पहिल्या यशापूर्वीं त्यांच्यापाशीं निदान महत्त्वाकांक्षेचें बळ असतें. यश हातीं आल्यावर तें बळ सरतें, आणि आतां सांगावयाचें काय, हा प्रश्न पुढें उभा राहतो. इंग्लंडांतील 'पिंक फ्लॉइड' या वाद्यवृंदावर हा प्रसंग १९७३ सालीं आला. त्या वर्षीं मार्च महिन्यांत निघालेल्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या ध्वनिमुद्रिकेनें रॉजर वॉटर्स, डेव्हिड गिल्मर, रिचर्ड राइट व निक मेसन या चौघांस कीर्ति व संपत्ति हीं दोन्ही अपेक्षेबाहेर मिळवून दिलीं. त्यानंतर अडीच वर्षांनीं, १९७५ च्या सप्टेंबरांत, त्यांची 'विश यू वेअर हिअर' ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. 'तूं येथें हवा होतास' असा नांवाचा भावार्थ. या कृतीचें मोल आमच्या मतें काय आहे, आणि तिच्यावर घेण्यासारखा जो एक गंभीर आक्षेप आहे तो कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रोग्रेसिव्ह रॉक या नांवाचा जो पंथ १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडांत उदयास आला, त्याची प्रतिज्ञा अशी कीं, तीन मिनिटांच्या नाचगाण्याच्या चौकटींत आम्ही मावणार नाहीं. पाश्चात्य अभिजात संगीताप्रमाणें आम्हांसहि विस्तार हवा, रचना हवी, विचार हवा. या प्रतिज्ञेपायीं पुष्कळ ठिकाणीं नुसता पसारा वाढला, हें त्या पंथाच्या चाहत्यांनींहि मान्य करावें. विस्ताराची हौस निराळी आणि विस्ताराची गरज निराळी. प्रस्तुत कृतींत मात्र हा विस्तार आशयांतूनच उत्पन्न झाला आहे, असें आमचें मत आहे.

तिच्या जन्माची हकीकत पाहिली म्हणजे हें अधिक स्पष्ट होतें. १९७३ च्या यशानंतर या मंडळींनीं प्रथम एक विलक्षण प्रयोग आरंभिला. वाद्यें अजिबात वर्ज्य करून केवळ घरगुती वस्तूंच्या आवाजांतून संगीत निर्माण करावयाचें, असा तो बेत होता. तो लवकरच सोडून द्यावा लागला. त्यांतून शिल्लक राहिला तो ओल्या बोटानें कांचेच्या पेल्यांच्या कडा घांसून काढलेला नाद, आणि तो पुढें या ध्वनिमुद्रिकेच्या प्रारंभीं उपयोगास आला. १९७४ सालीं तालमींच्या वेळीं गिल्मरच्या गिटारवर एक चार स्वरांची आकृति सहज उमटली, आणि तिच्याभोंवतीं 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' हें दीर्घ गीत आकारास आलें. आपल्या परिभाषेंत सांगावयाचें तर, मूळ स्वर षड्ज मानल्यास ही आकृति कोमल गंधार, कोमल निषाद, षड्ज आणि शुद्ध धैवत अशी आहे. षड्जास स्पर्श होतो, पण विश्रांति तेथें मिळत नाहीं. तो स्वर ओलांडून आकृति धैवतावर अधांतरीं थांबते. घर दिसावें आणि पाय मात्र बाहेरच राहावा, असा कांहींसा तिचा परिणाम आहे. सबंध कृतीचा भाव या चार स्वरांत बीजरूपानें आहे, असें म्हटल्यास तें वावगें होणार नाहीं.

त्याच वर्षींच्या जाहीर कार्यक्रमांत या गीताबरोबर आणखी दोन नवीं दीर्घ गीतें गाइलीं जात होतीं. १९७५ च्या जानेवारींत लंडनच्या ॲबी रोड स्टूडिओंत काम सुरू झालें, तेव्हां हीं तिन्ही गीतें एकत्र करून तबकडी पुरी करावी, असें गिल्मरचें मत होतें. व्यवहारदृष्ट्या तें सोयीचेंहि होतें. परंतु मंडळी थकलेली होती. जमलेल्या चौघांपैकीं मनानें तेथें कोणीच नाहीं, असा अनुभव येत होता. वॉटर्सनें सुचविलें कीं, हा अनुभवच कृतीचा विषय करावा. दीर्घ गीताचे दोन खंड पाडून एक आरंभीं व एक शेवटीं ठेवावा, आणि मध्यें त्याच भावाचीं नवीं गीतें घालावीं. उरलेलीं दोन जुनीं गीतें बाजूस पडलीं, व तीं पालटलेल्या स्वरूपांत १९७७ च्या 'ॲनिमल्स' या ध्वनिमुद्रिकेंत आलीं. तयार माल हातीं असतां तो नाकारणें हें विवेकाचें काम आहे, आणि या कृतीची एकात्मता या नकारांतूनच जन्मली.

हा जो 'हिरा' संबोधिला आहे, तो सिड बॅरेट. या वृंदाचा तोच मूळ कवि, गायक आणि नेता. १९६७ सालच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंतील बहुतेक गीतें त्याचींच. पुढें मानसिक स्वास्थ्य ढासळल्यामुळें, आणि मादक द्रव्यांच्या सेवनाचीहि त्यांत भर पडल्यामुळें, १९६८ सालीं तो वृंदापासून दुरावला. गिल्मर वृंदांत आला तो याच सुमारास, त्याची उणीव भरून काढण्यासाठीं. म्हणजे ज्याच्या गिटारमधून हा शोक प्रथम उमटला, तो ज्याच्याबद्दल शोक करावयाचा त्याच्याच जागीं उभा होता. ही गोष्ट ध्यानांत ठेवून ऐकणाऱ्यास त्या वादनांतील संयम अधिक अर्थपूर्ण वाटेल.

सुमारें चव्वेचाळीस मिनिटांच्या या कृतींत पांच भाग आहेत. पहिला खंड साडेतेरा मिनिटांचा. त्यांत मानवी कंठ ऐकूं येतो तो आठ मिनिटें उलटून गेल्यावर. तोंवर मंद, लांबट सुरांचा एक पट उलगडत राहतो. आपल्याकडील विलंबित आलापीची संवय असलेल्या श्रोत्यास हें धीमेपण खटकणार नाहीं. उलट शब्दांपूर्वीं भावाची भूमि तयार करण्याची ही रीति त्यास ओळखीची वाटेल. ज्याला हांक मारावयाची तो समोर नाहीं, तेव्हां हांक मारण्यास धीर होत नाहीं. म्हणून वाद्यें बोलत राहतात आणि मनुष्य गप्प असतो. विस्तार गरजेंतून आला, असें आम्ही वर म्हटलें तें याच अर्थानें. शेवटच्या खंडांत हेंच गीत परत येतें, आणि अगदीं विरत जातांना राइट आपल्या वाद्यावर 'सी एमिली प्ले' या बॅरेटच्या १९६७ मधील गीताची चाल हलकेच वाजवून जातो. सावध नसलेल्या श्रोत्यास ती ऐकूंहि येणार नाहीं. ज्यास कळावयाचें त्यास कळावें, एवढाच तिचा हेतु.

मधलीं तीन गीतें याच तोलाचीं आहेत असें मात्र नाहीं. 'वेलकम टु द मशीन' यांत यंत्रांच्या घरघरीनें उभें केलेलें भय परिणामकारक आहे. 'हॅव अ सिगार' हें संगीताच्या व्यापाऱ्यांची टवाळी करणारें गीत आम्हांस त्या मानानें उथळ वाटतें. उपहासाचें लक्ष्य फार सोपें आहे, आणि सोप्या लक्ष्यावर नेम धरणाऱ्याचें कौशल्य कसास लागत नाहीं. तें गीत गाण्याकरितां शेजारच्याच दालनांत काम करीत असलेल्या रॉय हार्पर या गायकास बोलाविण्यांत आलें. वॉटर्सला पुढें याची रुखरुख लागली असें सांगतात. परंतु अनुपस्थिति हाच जिचा विषय त्या कृतींत एका गीतापुरता वृंदाचा स्वतःचा कंठच नाहींसा व्हावा, ही गोष्ट नकळत औचित्याची झाली. ज्या गीताचें नांव कृतीस मिळालें तें चौथें गीत सर्वांत साधें. मोटारींतील रेडिओचा कांटा फिरतो, त्चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचे कांहीं सूर क्षणभर कानीं पडतात, मग दूर कोठें तरी एक गिटार वाजूं लागते, आणि तिला साथ देणारी दुसरी गिटार जणूं आपल्या खोलींत वाजते. दोन माणसांमधील अंतर शब्दावांचून दाखविण्याची ही युक्ति आम्हांस फार समर्पक वाटली. या गीतासाठीं प्रसिद्ध व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली यांनींहि वादन केलें होतें. तें मूळ तबकडींत जवळजवळ ऐकूं येत नाहीं, आणि २०११ सालीं निघालेल्या विस्तृत आवृत्तींतच तें स्पष्टपणें लोकांपुढें आलें.

१९७५ च्या जून महिन्यांत, दीर्घ गीताचें काम चालू असतां, एक स्थूल, डोकें व भुंवया भादरलेला मनुष्य स्टूडिओंत येऊन बसला. कांहीं वेळ त्यास कोणींच ओळखलें नाहीं. तो बॅरेट होता. या भेटींतूनच गीत स्फुरलें, अशी एक समजूत आढळते; ती चुकीची आहे. गीत एक वर्ष आधींच रचलें व गाइलें गेलें होतें. हा प्रसंग वाचतांना आम्हांस भवभूतीच्या उत्तररामचरिताच्या तिसऱ्या अंकाची आठवण होते. तेथेंहि जिच्यासाठीं राम विलाप करितो ती सीता अदृश्य रूपानें जवळच उभी असते. पण भवभूतीच्या रामास डोळ्यांनीं न दिसणारी सीता स्पर्शानें कळते. येथें डोळ्यांसमोर बसलेला मित्र मित्रांस कळला नाहीं. नाटककारानें करुणांतून पुनर्मीलनाकडे वाट काढली. येथें ती वाट नव्हती.

आतां आक्षेपाकडे वळूं. डॉ. जॉन्सननें मिल्टनच्या 'लिसिडस' या विलापिकेस दोष दिला तो असा कीं, जेथें अलंकरणास इतका अवकाश मिळतो तेथें शोक खरा नसावा. हाच आक्षेप येथें अधिक तीव्रतेनें घेतां येईल. ज्याचा शोक करावयाचा तो मृत नव्हता. जिवंत होता, आजारी होता, आणि त्याच्या नष्टचर्याचें गीत विकून त्याचे मित्र धनवान होत होते. शिवाय व्यापाऱ्यांवर टीका करणारी ही कृति व्यापाऱ्यांनींच बाजारांत आणली. तिचें वेष्टनहि या विसंगतीची साक्ष देतें. हिप्नोसिस या चित्रकारसंस्थेच्या स्टॉर्म थॉर्गरसन यानें योजलेल्या मुखपृष्ठावर दोन प्रतिष्ठित गृहस्थ हस्तांदोलन करीत आहेत आणि त्यांतील एकाचें अंग पेटलेलें आहे. ज्वाळा खऱ्या होत्या, साहसाचीं कामें करणाऱ्या एका नटानें त्या अंगावर घेतल्या. हें चित्रसुद्धां गडद, अपारदर्शक आवरणांत झांकून तबकडी विकावयास ठेविली. मालाचें तोंड झांकूनहि माल खपला. इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत ती विक्रींत पहिल्या क्रमांकावर गेली.

या आक्षेपाचा व्यापाराविषयींचा भाग आम्ही मान्य करितों. ज्या ताटांत जेवावयाचें त्यावरच रुसावयाचें, हा दुटप्पीपणा 'हॅव अ सिगार' मध्यें आहेच, आणि तें गीत उथळ झालें याचें कारणहि बहुधा तेंच असावें. परंतु शोकाविषयींचा भाग आम्हांस पटत नाहीं. बॅरेटनें १९७० सालीं दोन स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढल्या. पहिलीच्या कामांत गिल्मर व वॉटर्स, आणि दुसरीच्या कामांत गिल्मर व राइट यांनीं त्यास सांवरून धरिलें होतें. म्हणजे गीत रचण्यापूर्वीं हात देऊन झाला होता, आणि तो पुरला नव्हता. शिवाय हें गीत वेडाचा गौरव करीत नाहीं. प्रतिभा व उन्माद यांचें नातें जोडून दुसऱ्याच्या दुखण्यास काव्यमय मानणारा जो एक रसिकवर्ग सर्वत्र आढळतो, त्याला येथें फारसें खाद्य मिळत नाहीं. गीताचा रोख त्या मित्राच्या दुर्दशेपेक्षां मागें राहिलेल्यांच्या रितेपणाकडे आहे. ते त्याची कींव करीत नाहींत. त्यास परत बोलावितात, आणि येणार नाहीं हें जाणून बोलावितात. जॉन्सनच्या आक्षेपास याहून निराळें उत्तर आम्हांस सुचत नाहीं: अलंकार येथें शोकाच्या जागीं आलेला नाहीं, तो शोकाच्या मौनाला जागा करून देतो.

प्रसिद्धीच्या वेळीं कांहीं टीकाकारांनीं या कृतीस निर्जीव व उत्साहहीन ठरविलें. त्यांनीं नोंदविलेला गुण खरा होता, पण तो दोष समजण्यांत ते घाईवर आले. आम्ही तिला या पंथांतील मोजक्या टिकाऊ कृतींत गणितों. तीन गीतांपैकीं एक कमअस्सल आहे हें धरूनहि. बॅरेट पुढें केंब्रिज येथें चित्रें काढीत, बाग सांभाळीत, लोकांपासून दूर राहिला, आणि २००६ च्या जुलै महिन्यांत वारला. तेव्हांपासून ही हांक मृतास मारलेली ठरली आहे. पण ती मारली गेली तेव्हां ऐकणारा जिवंत होता, हें नव्या श्रोत्यानें विसरूं नये. विलापिका आणि ही कृति यांतील भेद तेथेंच आहे.