उजळलेला बंब

नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेची नवी भांडी झळकत असतात, पण माझी नजर खिळते ती चिंचेने नुकत्याच उजळलेल्या, पाणी तापवायच्या जुन्या तांब्याच्या बंबावर. नव्या भांड्याची चकाकी सगळीकडून सारखीच असते. जुन्या बंबाच्या चकाकीत त्याने काढलेले हिवाळे दिसतात आणि घासणाऱ्याचा हातही कळतो.

त्यासाठी आधी न घासलेला बंब नीट पाहावा. तळाशी निखाऱ्यांच्या जाळीभोवतीचा पत्रा काळाकुट्ट. पोट तपकिरी, विटकरीकडे झुकणारं. तोटीखाली थेंब ओघळून उमटलेली हिरवी रेघ. वर नळकांड्याच्या तोंडाशी जांभळ्या, निळ्या, सोनेरी छटांची वलयं. एकाच तांब्याची ही चार रूपं! पोटात पाणी असतं, त्यामुळे तिथला पत्रा उकळत्या पाण्याहून फारसा तापत नाही आणि हवेतल्या प्राणवायूमुळे तांबूस-तपकिरी ऑक्साइडचा थर सावकाश चढतो. तळाला पाण्याचा आधार नाही, आच थेट लागते. तिथलं ऑक्साइड काळं आणि त्यावर काजळीचा लेप. हिरवी रेघ ही ओल आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांची करणी. नळकांड्यावरचा थर तर इतका पातळ असतो की त्यावरून परतणारा उजेडच रंगांत फुटतो. निफाडकडच्या थंडीत पहाटे बंब पेटवणाऱ्या घरांत हे सगळं एका मोसमात जमून येतं.

मग दिवाळीआधी भिजवलेली चिंच, जाडं मीठ आणि नारळाची शेंडी बाहेर निघते. चिंचेतलं टार्टारिक आम्ल ऑक्साइड विरघळवतं, मीठ त्या कामाला वेग देतं. कोळ फासून हात फिरवला की काळपट पाणी सुटतं आणि खालून गुलाबी तांबं उघडं पडतं. पाहणारा इथेच हरखतो, पण ही अजून झळाळी नव्हे. आम्लाने नुसतं उघडं केलेलं तांबं मंद, कोरडं दिसतं. ते भरपूर पाण्याने धुवून लगेच कोरडं करावं लागतं. ओलं राहिलं तर डाग धरतं. त्यानंतर वस्त्रगाळ राख किंवा रांगोळी मऊ फडक्यावर घेऊन घासत राहायचं. चमक येते ती या घासण्याने. हात पोटाच्या गोलाईने फिरला तर उजेड अंगावरून सलग घरंगळतो. वेडावाकडा फिरला तर ओरखडे त्याला जागोजागी अडवतात.

घासणारा किती जाणता आहे, ते तोटीवर कळतं. तोटी पितळेची, म्हणजे तांब्यात जस्त मिसळलेलं. कोळ तिच्यावर रेंगाळला तर जस्त आधी सुटतं आणि पिवळ्या पितळेवर गुलाबी डाग उरतात. म्हणून जाणता हात तोटी शेवटी घेतो आणि कोळ लावून लगेच धुतो.

आणि मठार! तांबट हातोडीने एकेक ठोका शेजारी शेजारी बसवतो. त्याने पत्रा कडक होतो आणि अंगभर बारीक खळगे उमटतात. हाताने उजळलेल्या बंबावर प्रत्येक खळग्यात उजेडाचा एक ठिपका असतो आणि किंचित तपकिरी छाया उरलेली असते. त्या छायेमुळेच ठोके वाचता येतात. यंत्राच्या चाकावर बंब आरशासारखा होतो खरा, पण चाक पत्रा खातं, ठोक्यांच्या कडा बोथट करतं आणि तांबटाची सही पुसून टाकतं. मला हे नुकसान फार मोठं वाटतं.

प्रत्येक जुन्या धातूला उजाळा द्यावा असंही नाही. गोदाकाठी नारोशंकराच्या देवळाची घंटा पाहा. 1739मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण. उघड्यावरच्या अशा घंटेचा काळपट थर खालच्या धातूला जपतो. तो खरवडला तर हवा-पावसाला नवा धातू मिळेल आणि झीज पुन्हा सुरू होईल. बंबाची गोष्ट निराळी. तो रोजच्या राबत्याचा, त्याचं अंग वर्षातून एकदा निघालं तरी पत्रा जाड असतो आणि मळ पुन्हा चढतोच.

हल्ली दिवाणखान्यात ठेवण्यासाठी बंब घेणारे त्यावर लाखेचं पारदर्शक रोगण चढवून घेतात. काही काळ तो छान दिसतो. पुढे रोगणाला एखादी चीर पडते, तिथून काळेपणा आत शिरतो आणि रोगणाखाली चिंच पोहोचत नाही. असा बंब पेटवताही येत नाही, कारण आचेने रोगण जळतं. भांडी बाजारात बंब घ्यायचा तर बिनरोगणाचा मागावा.