घर ‘विकलं’ की ‘विकलं गेलं’? ओमिसींचं पुस्तक आणि आपला प्रश्न

आज एका पुस्तकाबद्दल. डेव्हिड ओमिसी यांनी संपादित केलेलं ‘इंडियन व्हॉइसेस ऑफ द ग्रेट वॉर’ (१९९९). पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये असलेल्या हिंदी सैनिकांची, आणि त्यांना घरून आलेली, शेकडो पत्रं यात आहेत. सैनिकांवर काम करायचं म्हटलं की गाईड बहुतेक वेळा हेच पुस्तक हातात देतात. ते वाचावंच. पण ‘परदेशी लढायला निघालेल्या माणसाच्या घराचं काय झालं?’ असा तुमचा प्रश्न असेल, तर हे पुस्तक कुठवर साथ देतं आणि कुठे हात सोडतं, ते आधी माहीत हवं.

प्रश्न नीट समजून घेऊ. शहादा तालुक्यातलं ब्राह्मणपुरी घ्या. समजा, १९१५ साली इथला एक तरुण पलटणीत भरती होऊन समुद्रापार गेला आणि त्याच सुमारास त्याचं घर दुसऱ्याच्या नावावर झालं. हे उदाहरण कल्पित आहे, फक्त पद्धत समजण्यासाठी. आता तुम्ही थिसिसमध्ये काय लिहाल? ‘त्यानं घर विकलं’, ‘त्याला घर विकावं लागलं’ की ‘त्याच्या माघारी घर विकलं गेलं’? तीन क्रियापदं, तीन वेगळे इतिहास. पहिल्यात निर्णय त्याचा, दुसऱ्यात सावकाराचा धाक, तिसऱ्यात कदाचित सख्ख्या भावाचा हात. मागं राहिलेल्या बायकापोरांच्या दृष्टीनं हा व्याकरणाचा खेळ नाही. डोक्यावरचं छप्पर कुणाच्या सहीनं गेलं, हा तो प्रश्न आहे.

ओमिसींच्या पुस्तकाचं मोठं श्रेय असं की सैनिक म्हणजे फक्त रेजिमेंट, पदकं आणि मृतांचे आकडे, ही सवय ते मोडतं. या पत्रांत जमिनीचं गहाण आहे, पाठवलेले पैसे आहेत, भाऊबंदकी आहे, लग्नाची काळजी आहे. खंदकात बसलेला माणूस डोक्यानं घरीच असतो, हे पुस्तक वाचल्यावर पुन्हा सांगावं लागत नाही.

अडचण शीर्षकातल्या ‘व्हॉइसेस’ या शब्दाशी सुरू होते. हा आवाज आपल्यापर्यंत कसा पोचला ते बघा. बरेच सैनिक निरक्षर होते, म्हणजे पत्र दुसऱ्यानं लिहिलं. आधी पलटणीतल्या अधिकाऱ्यानं ते पाहिलं. मग फ्रान्समधल्या सेन्सॉर कार्यालयानं त्यातली काही पत्रं निवडली आणि त्यांतले उतारे इंग्रजीत आणून अहवालात घातले. आज आपण वाचतो ते हे उतारे, बहुतेक मूळ पत्रं नव्हेत. पुस्तकासाठी ओमिसींनी त्यातून पुन्हा निवड केली. पत्रं तपासली जातात हे सैनिकांनाही ठाऊक होतं. म्हणून काही जण ‘काळी मिरी’, ‘लाल मिरची’ अशा खुणेच्या शब्दांत हिंदी आणि गोऱ्या शिपायांबद्दल लिहीत.

ओमिसी हे थर लपवत नाहीत, प्रस्तावनेत त्यांची चर्चा आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. सेन्सॉरला शिपायांचं मनोधैर्य जोखायचं होतं. ब्राह्मणपुरीतल्या एखाद्या घराची भिंत कुणाच्या वाटणीला गेली, याच्याशी त्याला काय देणंघेणं? घराबद्दलचा मजकूर अहवालात आला तो मुख्यतः शिपायाच्या मनःस्थितीचा पुरावा म्हणून. त्यामुळे या पुस्तकात घराची काळजी मिळते, घराचा व्यवहार मिळत नाही. एका कुटुंबाची पत्रं आणि त्यांची उत्तरं सलग वाचायला मिळणंही क्वचितच घडतं. चिंता कळते, शेवट कळत नाही.

दुसरी मर्यादा भूगोलाची. हा संग्रह फ्रान्समधल्या सेन्सॉरच्या कामातून आलाय. पण फ्रान्सपेक्षा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कितीतरी जास्त हिंदी माणसं पाठवली गेली होती. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिथल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तो वेढा चालला, आणि शरणागतीनंतर वाचलेले कैदेत गेले. घरचा माणूस जिवंत आहे की नाही हेच कळत नाही, अशा काळात घराचे निर्णय कसे झाले असतील? महाराष्ट्रासाठी कळीचा प्रश्न हा आहे, आणि नेमका तो या संग्रहाच्या बाहेर राहतो. पुस्तकाच्या नावातलं ‘इंडियन’ वाचून त्यात मराठी माणूस आपोआप आला असं धरू नका.

मग काय, पत्रं सोडून थेट खरेदीखतं काढायची? काढायचीच. पण तिथंही तीन खड्डे आहेत.

पहिला, ‘गरज’. एकत्र हिंदू कुटुंबाचा कर्ता वडिलोपार्जित घर विकू शकतो, पण कुटुंबाची खरी गरज किंवा हित असेल तरच. प्रिव्ही कौन्सिलनं १८५६ साली हनुमानप्रसाद पांडे यांच्या खटल्यात अज्ञान मुलाची मिळकत सांभाळणाऱ्याबद्दल जे तत्त्व सांगितलं, तेच पुढे कर्त्यालाही लावलं गेलं. उद्या खटला झाला तर गरज होती, किंवा आपण तशी चौकशी केली होती, हे दाखवायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. साहजिकच गरजेचा उल्लेख दस्तात यावा यासाठी तोच आग्रही असणार. म्हणजे ‘कुटुंबाच्या गरजेसाठी’ हे शब्द दिसले की लगेच ‘कुटुंब हलाखीत होतं’ असं लिहू नका. ते हलाखीचं वर्णन असेल किंवा घेणाऱ्याचं चिलखत असेल. दुसरा पुरावा मिळेपर्यंत दोन्ही शक्यता उघड्या ठेवा.

दुसरा, शंभर रुपये. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्यानुसार शंभर रुपये किंवा जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानंच होते. त्याखालच्या किमतीची विक्री नुसता ताबा देऊनही पुरी होते. त्या काळी खेड्यातलं साधं धाब्याचं घर शंभराच्या आत असू शकत होतं. त्यामुळे दुय्यम निबंधकाच्या सूचीत नोंद नाही म्हणून विक्री झालीच नाही, असं म्हणता येत नाही. सगळ्यात गरीब शिपायाचं घर सगळ्यात कमी कागद मागे ठेवून जातं.

तिसरा, शर्तीची खरेदी. कागदावर विक्री, पण मुदतीत पैसे परत केले तर घर परत, असा व्यवहार. मुळात ते गहाण. १९२९ च्या दुरुस्तीनंतर असा व्यवहार गहाण ठरायचा तर परतीची अट त्याच दस्तात असावी लागते. त्याआधी ती वेगळ्या कागदावरही असू शके. तुमच्या हाती पहिलाच कागद आला, तर परत येऊन घर सोडवायचा बेत करून गेलेला माणूस तुमच्या थिसिसमध्ये ‘घर विकून गेलेला’ ठरेल.

सरकारनं शिपायाला काही संरक्षण दिलं नव्हतं का? दिलं होतं. १९२५ चा इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट आणि त्याआधी युद्धकाळात केलेले तसलेच कायदे पाहा. युद्धावर असलेला शिपाई कोर्टात हजर राहू शकत नसेल तर दावा थांबवता येतो, त्याच्या माघारी झालेला हुकूमनामा रद्द करून घेता येतो, आणि मुदत मोजताना तो काळ वगळला जातो. पण हे संरक्षण कोर्टाच्या दारातलं आहे. सावकार दावा घेऊन आला तर उपयोगी. घरातल्या घरात कर्त्यानं व्यवहार उरकला तर तो आपोआप अडत नाही. परतलेल्या शिपायाला स्वतः कोर्टात जावं लागतं, तेही भावाविरुद्ध. किती जण गेले असतील?

अमेरिकेशी तुलना करण्याचा मोह इथं होतो. तिथं सैनिकांसाठी १९१८, १९४० आणि २००३ असे टप्प्याटप्प्यानं कायदे झाले. सेवेत येण्याआधीच्या कर्जावर ६ टक्क्यांची व्याजमर्यादा आणि गहाण घराच्या जप्तीपासून संरक्षण त्यांत आहे. परदेशी नेमणुकीवर तिथं बऱ्याचदा कुटुंबही सोबत जातं, म्हणून निघण्याआधी घर विकायचं की भाड्यानं द्यायचं, हा नवरा-बायकोचा निर्णय असतो. १९१५ च्या खानदेशात शिपाई एकटा जायचा, घर भावकीत राहायचं. तिकडचा प्रश्न जसाच्या तसा इकडे आणला, तर निर्णय घेणारी व्यक्तीच चुकीची धरली जाईल.

आता कामाचं. ब्राह्मणपुरीसारखं गाव निवडलंत, तर जुने कागद ‘नंदुरबार जिल्हा’ म्हणून शोधू नका. हा जिल्हा १ जुलै १९९८ चा. त्याआधी धुळे, आणि १९०६ पासूनच्या ब्रिटिश काळात पश्चिम खानदेश. गावठाणातलं घर सातबाऱ्यावर दिसत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. मुखत्यारपत्र आढळलं तर ते कुणासमोर आणि कुठं सही झालं ते आधी पाहा. माणूस निघण्याआधी देऊन गेला की तिकडून पाठवलं, यावरच आपलं क्रियापद ठरतं. आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा. वाटणीत नाव नसलेल्या माणसाला वाटणी जास्त लक्षात असते.

तर ओमिसींचं पुस्तक वाईट आहे का? अजिबात नाही. सैनिकाला काय वाटत होतं, आणि काय वाटतं म्हणून तो लिहू धजला, यासाठी ते पहिलं पुस्तक असावं. घराचं काय झालं यासाठी ते शेवटचं असू नये. पत्र सेन्सॉरच्या नजरेखालून गेलंय, खरेदीखत कोर्टाच्या भीतीनं लिहिलंय. दोन्ही खरे कागद आहेत, पण दोघांचा वाचक वेगळा होता. हे दोन कागद शेजारी ठेवून कर्ता सापडत नसेल, तर सिनॉप्सिसमध्ये ‘घर विकलं गेलं’ एवढंच लिहा आणि कुणी विकलं हा संशोधनाचा प्रश्न म्हणून मांडा. तो अपुरेपणा नाही. ज्याचं घर गेलं त्याच्यावर आपण खोटी सही करत नाही, एवढाच त्याचा अर्थ.